उजव्या पायाचा गिअर

प्रिय भुंग्या,

तोंडाने इंजिनाचा आवाज काढत घरभर पळणाऱ्या पोराला पडलेलं नाव एकतीस वर्षांच्या बाप्याला शोभत नाही, हे मला कळतं. पण हल्ली फोनवर तू "हं", "बरं", "ठेवतो" याच्या पुढे जात नाहीस आणि मीही "जेवलास का" विचारून गप्प बसते. कागदावर निदान तुला मध्येच फोन ठेवता येणार नाही. पत्र अर्धवट टाकून उठलास तर मला कळणारही नाही म्हणा. पण उठू नकोस, शेवटपर्यंत वाच. एवढं ऐक माझं.

आधी बातमी सांगते. मी मोटरसायकल शिकले. हसून घे काय हसायचंय ते. चाळिशीला दोन वर्षं उरलेली तुझी ताई हेल्मेट घालून आरशात स्वतःलाच ओळखू न येता उभी होती, हे तुझ्या डोळ्यांपुढे आलं असेलच. आमच्या लॅबने आता घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम सुरू केलंय. काउंटरवर दोनच माणसं ठेवणार, बाकीच्यांनी आपापल्या वाहनाने फिरायचं. वाहन नसेल तर घरी बसायचं, हे कोणी तोंडाने म्हणालं नाही, पण ऐकू आलं. सोळा वर्षं लोकांच्या शिरा शोधण्यात गेली, तेव्हा क्लच शोधायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं होतं. शीर बिचारी निदान एका जागी असते.

शिकवलं कोणी, विचार. बाबांनी. ऑपरेशननंतर ते अंगणात पाऊल टाकायला तयार नव्हते, हे तू पाहिलंयस. कुबड्या घेऊन लोकांसमोर कशाला मिरवायचं, म्हणायचे. पण मी गॅरेजवाल्या मामांकडे शिकायला जाते म्हटल्याबरोबर ताडकन म्हणाले, "त्याला स्वतःला धड चालवता येत नाही, तो तुला काय शिकवणार? खुर्ची बाहेर टाक." मी टाकली. त्यांनी आपल्या जुन्या मोटरसायकलवरचं, म्हातारीवरचं, फडकं काढायला लावलं, तिच्या टाकीवर दोनदा हात फिरवला आणि मला म्हणाले, "चढ."

पहिले आठ दिवस इंजिन चालूच केलं नाही. गाडी मधल्या स्टँडवर, मी गाडीवर, बाबा शेजारी खुर्चीत आणि त्यांची कुबडी माझ्या घोट्याशी. डाव्या हातात क्लच, उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. उजव्या पायाखाली गिअर, डाव्या पायाखाली मागचा ब्रेक. हल्लीच्या गाड्यांना पायांचं सगळं याच्या बरोबर उलट असतं, गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे, हे तुला मी सांगायला नको. तूही म्हातारीवरच शिकलास आणि स्वतःची नवी गाडी घेतल्यावर आठवडाभर तिला शिव्या घालत होतास. बाबा मला डोळे मिटायला लावायचे. "दिवा" म्हणाले की माझा अंगठा हॉर्नवर जायचा आणि वरच्या काकू गॅलरीत धावत यायच्या. खाली बघितलं की घोट्यावर कुबडीचा टोला. "बघतेस काय? पायाला डोळे फुटले पाहिजेत."

मग इंजिन. किकने एकदा असा उलटा फटका दिला की पोटरी सोलून निघाली. क्लच सोडायची घाई केली की म्हातारी शिंक आल्यासारखी हिसका देऊन बंद पडायची. दिवसातून वीस वेळा मी ती बंद पाडली असेल, पण बाबा एकदाही चिडले नाहीत. आपल्या गणिताच्या वह्या ज्यांनी फाडल्या तेच हे बाबा. "सोडत ये, सोडत ये. मध्ये एक जागा असते बघ, तिथे गाडीलाच जावंसं वाटायला लागतं. तिथे थांब जरा." चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत हिंडलेला माणूस, हत्यारांची पिशवी मागे बांधून रोज म्हातारीवर. त्यांना ती जागा झोपेतही सापडत असेल. मला ती दहाव्या दिवशी सापडली आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो. आपल्या घरात किती दिवसांनी कोणी हसलं, ते मोजायला नको.

त्याच सुमाराला एक गोष्ट माझ्या लक्षात आली. "पहिला वर, मग खाली, खाली, खाली" असं ते म्हणायचे, तेव्हा त्यांची उजवी पँट हलायची. दुमडून पिन लावलेली. गुडघ्याखाली काही नाही, पण प्रत्येक गिअरला गुडघा हलायचा. एकदा वर, मग तीनदा खाली. त्यांच्या ते ध्यानात नव्हतं. मी पाणी पिऊन येते म्हणून आत गेले आणि ओट्याला टेकून खूप रडले. दोन पायांतला एक जायचा होता तर नेमका तोच का जावा, ज्याने आयुष्यभर गिअर टाकले? असले प्रश्न विचारून काही होत नाही. डोळे धुतले आणि परत गाडीवर जाऊन बसले.

तू त्यांच्याशी बोलत नाहीस, हे त्यांना फार लागतं रे. माझ्या फोनवर तुझा आवाज आला की ते टीव्हीचा आवाज बंद करतात आणि बघत बसतात टीव्हीकडेच. "कसा आहे?" एवढंच नंतर विचारतात. मी सांगते, बरा आहे, कारखान्यात काम फार असतं. पाइपांच्या कारखान्यात असं काय काम असतं की दीड वर्षात दोन दिवस काढता येत नाहीत, हे ते विचारत नाहीत. मला तुझं कारण माहीत आहे. तू रागावलेला नाहीस. तुला तोंड दाखवायची लाज वाटते. "किल्ली गाडीला मी ठेवली, ताई. मी काढली असती तर बाबांनी गाडीला हात लावला नसता." हे तू मला चार वेळा म्हणालास. चौथ्यांदा म्हणालास तेव्हा मी नळ चालू राहिलाय असं सांगून फोन ठेवला. नळ बंद होता.

लोकांनी तर तुला सोडलंच नाही. वरच्या काकू जिन्यातच म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाच्या समोर किल्ली सोडून जातात का?" आणि बाबा सगळ्यांना एकच सांगत राहिले, मला हौस आली, पोराच्या गाडीला किल्ली लागलेली दिसली म्हणून ती बाहेर काढली. परतताना वळणावर पावाची व्हॅन आडवी आली आणि नव्या गाडीवर गडबडले. एवढीच हकिगत. तेवीस दिवसांनी बाबा घरी आले, आणि त्यानंतर महिनाभरात तू बॅग भरून गेलास.

तुझी गाडी मी विकलेली नाही. तू तीनदा सांगितलंस, तीनदा मी गिऱ्हाईक बघते म्हणाले आणि बघितलं नाही. मामांनी तिचं हँडल सरळ करून दिलं, नवा दिवा बसवला. टाकीवरचा पोचा तसाच आहे. दोन महिने मी म्हातारीवर शिकले, पण तिचं आता खरं नाही. वाटेत बंद पडली तर रक्ताचे नमुने उन्हात खराब व्हायचे. म्हणून गेल्या आठवड्यात तुझी गाडी बाहेर काढली. त्या दिवशी बाबा अंगणात आले नाहीत. खिडकीतून फक्त म्हणाले, "हिचं मला काही कळत नाही, तुझं तू बघ." सोपी आहे रे तुझी गाडी. बटण दाबलं की सुरू, क्लच लोण्यासारखा. दोनच दिवसांत मला वाटलं, आलं आपल्याला.

गुरुवारी संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर सराव करत होते. रस्ता मोकळा होता. तिसऱ्या गिअरमध्ये होते, जरा ऐटीतच. एवढ्यात एका फाटकातून एक बाई बाळाची गाडी ढकलत थेट समोर आल्या. मला सगळं दिसलं, भुंग्या. बाळाची टोपीसुद्धा दिसली. ब्रेक मारायचा हेही कळलं. आणि माझा डावा पाय होता नव्हता तेवढा जोर लावून खाली गेला. म्हातारीवर तिथे ब्रेक असतो. तुझ्या गाडीवर तिथे गिअर आहे. गिअर खाली पडला, इंजिन किंचाळलं, हिसका बसला, पण थांबायचं नाव नाही. हँडल कसं वळवलं ठाऊक नाही. रस्त्याकडेला वाळूचा ढीग होता, त्यात जाऊन पडले. बाळाला काही झालं नाही, मलाही कोपर सोडून काही नाही. त्या बाईंनी मला तोंडाला येईल ते ऐकवलं. मी वाळूत तशीच बसून ऐकत राहिले. दोन महिन्यांची सवय होती माझ्या पायाला. त्यांच्या पायाला चाळीस वर्षांची होती.

घरी आले. बाबांनी माझ्या केसांतली वाळू बघितली, कोपर बघितलं आणि एवढंच विचारलं, "डावा पाय?" मी मान हलवली. मग ते म्हणाले, "चुकलं ते मला तेव्हाच कळलं होतं. पाय उचलेपर्यंत व्हॅन आली." दीड वर्षात त्यावर ते पहिल्यांदा खरं बोलले. मी कोपर धुतलं, औषध लावलं, भात टाकला. जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "त्याला कधी सांगणार आहेस?"

तेव्हा आता सांगते. त्या सकाळी तू म्हातारीचा कार्बोरेटर साफ करून घ्यायला मामांकडे गेलास, जाताना शर्ट बदलून. तुझी किल्ली दाराआडच्या चौकडीच्या शर्टाच्या खिशात होती. मला उशीर झाला होता. कारण ऐकून तुला संताप येईल, केस धुतले होते आणि वाळवत बसले होते. बस चुकली असती तर साहेबांची बोलणी खावी लागली असती, एवढंच. मी तुझ्या खिशातून किल्ली काढली आणि बाबांच्या हातात ठेवली. ते नको म्हणाले. "मला या गाडीची सवय नाही गं, चालत जा ना पटपट." मी त्यांना हसले. इतकी वर्षं गाडी चालवताय आणि घाबरता काय, म्हणाले. स्टॉपपर्यंत ते अगदी सावकाश गेले, मी मागे बसून बडबडत होते. उतरले आणि बसमध्ये चढले, मागे वळून बघितलंही नाही. ते परत येत होते, हौसेने नव्हे, मला सोडून. शुद्धीवर आल्यावर पोलिसांना त्यांनी हौसेचं सांगितलं ते माझ्याकडे बघून. मुलगी वाचावी म्हणून त्यांनी ते सांगितलं, त्यात मुलगा सापडेल हे त्या अवस्थेत त्यांना सुचलं नसेल. मला सुचलं होतं, आणि मी गप्प बसले. पुढे रोज थोडं थोडं गप्प बसायला फारसे कष्ट पडत नाहीत, हे मला तेव्हा समजलं. माझ्याशी पुन्हा बोलू नकोस वाटलं तर नको बोलूस, मी काही म्हणणार नाही. पण बाबांना फोन कर, त्यांच्या स्वतःच्या फोनवर. सकाळी दहानंतर मी कामावर असते. हॉस्पिटलच्या जिन्यात तू माझा हात धरून विचारलं होतंस, "ताई, मी किल्ली खिशात ठेवली होती ना गं? मला काही नीट आठवतच नाहीये." मी म्हणाले, मला काय माहीत. मला माहीत होतं, भुंग्या. तू खिशातच ठेवली होतीस.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
ताई