तू मारलेली गाठ

बाबा, स्पेलिंग चुकलं तर सॉरी. मराठी टायपिंग मला खूप स्लो येतं, एकेक अक्षर शोधावं लागतं. इंग्लिशमध्ये लिहिलं असतं, पण तू गेलास तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तुझ्याशी मराठीतच बोलायचे. माझं इंग्लिश तू ऐकलंच नाहीस.

मी शाळा सोडली. दरवर्षी असेंब्लीत मला "कॅप्टनची मुलगी" म्हणून स्टेजवर उभं करायचे, सगळे टाळ्या वाजवायचे आणि माझे पाय लटपटायचे. वाटायचं, आता सगळ्यांना कळणार, ही तर कशालाही घाबरते. आता मी ग्रोसरी स्टोअरमध्ये मागे भाज्या लावते. काउंटरवर जात नाही.

गेल्या रविवारी तुझ्या आर्मी युनिटमधले एक अंकल आले होते. आईने पोहे केले. रस्त्यात पुरलेले बॉम्ब तुम्ही शोधायचात आणि त्यातल्याच एकाने तू गेलास, एवढं मला माहीत होतं. पण ते म्हणाले, निघायच्या आधी कॅप्टन रोज सगळ्यांच्या लेस चेक करायचा. "खूप घाबरायचा तो. हातांना काम दिलं की थरथरत नाहीत, म्हणायचा." आई हसली. "घरात पाल दिसली तरी खुर्चीवर चढायचे!"

ते गेल्यावर मी गराजमध्ये गेले. तुझे जुने बूट तिथे खिळ्याला लटकतात, दोन्हींच्या लेसची एकमेकींना गाठ मारून, तू ठेवलेस तसेच. दसऱ्याला बाकीच्यांकडे पूजेत लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्या असतात, आपल्याकडे तुझे बूट. आजी भारतातून फोनवर ओरडते, "अगं, देवासमोर चामडं?" आई म्हणते, "त्यांचं हत्यार तेच." पुसते, हळदकुंकू लावते, झेंडू खोचते. गाठ मात्र कधी सोडत नाही. ती तुझ्या हातची आहे ना.

मी सोडली, बाबा. मला फक्त त्यात पाय घालून उभं राहायचं होतं. नखाने ओढली तर सुटली. बूट ढगळ होते, पण मी उभी राहिले आणि पाय नाही लटपटले. मग सुटलेल्या लेसकडे लक्ष गेलं आणि आठवलं, तू किचनमध्ये खाली बसून माझे शूज बांधतोयस, "दोनदा फिरव, मग ओढ." मी दोनदा फिरवते, ओढते. तशी होतच नाही. किती वेळा केली. शेवटी कशीतरी बांधून परत लटकवले.

उद्या दसरा. आई गराजमधून हाक मारतेय, "अगं, माझा हात पुरत नाही, बूट काढून दे गं!" मी "आले" म्हटलं आणि इथेच बसलेय. खरं तर हे आईला पाठवायला पाहिजे. तिचा नंबर टाकला होता, पुसला. तुला लिहितेय कारण तू रागावणार नाहीस.

समोरच्यांच्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत. एकाचे चारही पाय पांढरे आहेत, बूट घातल्यासारखे.