सात तलावांची ओळ

पवनी,
रविवार, दुपार

प्रिय भूषण,

तुझा रेझ्युमे मिळाला. "ताई, जरा नजर फिरव, एका पानात बसवून दे, हायकोर्टात न्यायमूर्तींकडे इंटर्नशिपसाठी पाठवायचा आहे." एवढाच मेसेज, आणि खाली जोडलेले हात. बाबा कसे आहेत हे विचारायला बोटं दुखली असती बहुतेक. तर बाबा बरे आहेत. लकव्याचा हात अजून नीट उचलत नाही, पण काठी धरून तलावाच्या पाळीपर्यंत जातात. काल रोवणीला बांधावर उभे राहून बायांवर ओरडत होते, तेव्हा आई म्हणाली, आता मले भेव नाही, मानूस जागेवर आला.

आता तुझ्या कागदाचं. उंची पाच फूट आठ इंच, रंग गहूवर्णी, अविवाहित. अरे, न्यायमूर्तींना इंटर्न पाहिजे की जावई? ते सगळं काढलं. छंदांत तू ट्रेकिंग लिहिलंस. नागझिऱ्याला एकदा जिप्सीत बसून गेला होतास, तेही उलट्या करत. तेही काढलं. शिक्षण वर घेतलं, मूट कोर्ट त्याखाली, ताजं आधी आणि जुनं नंतर. मेहनती, प्रामाणिक, जबाबदार हे शब्द कोणी वाचत नाही, काय केलं तेवढंच वाचतात. हे मी तुला तू बारावीत होतास तेव्हापासून सांगत आले. या वेळी तू ऐकलंस म्हणायचं, कारण 'संशोधन' या मथळ्याखाली काय केलं ते अगदी नेमकं लिहिलंस. पवनी तालुक्यातल्या सात मामा (माजी मालगुजारी) तलावांवरच्या निस्तार हक्कांचा प्रत्यक्ष अभ्यास, बेचाळीस मुलाखती, आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेत द्वितीय पारितोषिक.

ती ओळ मी तीनदा वाचली. मग सोबत जोडलेला निबंध उघडला.

भूषण, त्या सात तलावांपैकी एकाच्या तरी पाण्यात तू पाय घातला आहेस का रे? जळवा चिकटतात म्हणून तू लहानपणी पाळीवर बसून राहायचास आणि मी तुझी चड्डी धुऊन आणायचे. लॉचं तिसरं वर्ष संपवून मी घरी आले, बाबा खाटेवर होते, तू पहिल्या वर्षाला पुण्यात नुकता रुळत होतास. तेव्हा तूच म्हणालास, ताई, दोन वर्षं तू सांभाळ, मग मी येतो, तू जा. मी दोनाची तीन वर्षं सांभाळलं. दुपारी बाबांना गोळी द्यायची, ते झोपले की स्कूटी काढायची आणि एकेक तलाव गाठायचा. कोणत्या गावाने पाणी कधी घ्यायचं, ढिवरांनी शिंगाडा कुठे लावायचा, मासळी कोणी धरायची, हा सगळा निस्तार जुन्या दप्तरात एक आणि तलावावर दुसराच. चार वाजता बाबांना उठवायला परत. डोकं सडू नये म्हणून करत होते मी ते, बक्षिसासाठी नाही. ढिवरांची बायजाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मला सांगायची, "लिव बाई, समदं लिव, आमच्या मांगं कोनाले ठावूक रायते!" ती बेचाळीसपैकी पहिली. गेल्या दिवाळीत तू त्या नोंदींची वही मागितलीस. टाईप करून देतो म्हणालास. मी दोनदा आठवण केली, तू परीक्षा आहे म्हणालास, आणि मी वेडी, परीक्षेत तुला त्रास नको म्हणून गप्प बसले.

निबंधाच्या शेवटी तू आभार मानलेस. प्राध्यापकांचे, ग्रंथपालांचे, आणि 'घरच्यांच्या आशीर्वादाचे'. ते वाचून मला हसू आलं, खरंच मोठ्याने हसले. आईने विचारलं, काय झालं वं? मी म्हटलं, भूषणने मला आशीर्वादात घातलं.

चोरी म्हणवत नाही. तू लहान आहेस म्हणून नाही. म्हटलं तर आईला सांगावं लागेल, आणि तिचा जीव तुझ्यात किती आहे ते तुलाही माहीत आहे. पण राग आहे, तो लपवत नाही. वहीपेक्षा जास्त राग मे महिन्यातल्या फोनचा आहे. मी म्हटलं होतं, बाबा आता चालतात, मी चौथ्या वर्षाला परत जाऊ का? आणि तू म्हणालास, "आता काहून जाऊन राहिली ताई? तुझ्याने होईन का आता? आन घरचं कोण पाहीन?" तेव्हा माझीच वही तुझ्या नावावर बक्षीस घेऊन बसली होती, आणि तुला वाटत होतं माझ्याने होणार नाही.

म्हणून तुला विचारायचं मी सोडलं. जुलैत नागपूरला चौथ्या वर्षात पुन्हा नाव घातलं. आई-बाबांना माहीत आहे, तुला सांगू नका असं मीच म्हटलं होतं. दिवसा बाबांजवळ रिताकाकू बसते, शनिवारी-रविवारी मी येते. आता आपण दोघं एकाच वर्षात आहोत. आणि तू ज्या न्यायमूर्तींकडे अर्ज करतो आहेस, त्यांच्याकडेच, त्याच हिवाळ्यासाठी, मी शुक्रवारी माझा रेझ्युमे पाठवला. त्यात ती ओळ आहे. सोबत वहीच्या पानांचे फोटो आहेत, तुला देण्याआधी काढलेले, तारखांसकट, बायजाबाईच्या अंगठ्यासकट. एका टेबलावर एकच ओळ दोन नावांनी गेली तर काय होईल, हे तुला मी सांगायला नको. हे फोनवर बोलले असते तर तू रडला असतास आणि मी विरघळले असते, म्हणून पत्र नोंदवून, पोचपावती लावून पाठवते आहे. तुझा नीट केलेला रेझ्युमे सोबत जोडला आहे. ती ओळ काढली. काढल्यावर अर्धं पान रिकामं राहिलं. बराच वेळ बसून पाहिलं, पण ते माझ्याने भरलं नाही. तेवढं तू भर.

तुझीच ताई
आणि त्याच जागेसाठी अर्जदार,
रक्षा तुलाराम गभणे