सत्यवतीस सविस्तर पत्र

ता. ३ जानेवारी १८६४, अमरावती. सकाळ.
इंग्रजी नवं वर्ष. नवा निश्चय. अकोल्याला सत्यवतीस दर आठवड्याला स्वहस्ते पत्र लिहायचं. दिवाळीनंतर इथं नोकरीवर आलो, तेव्हापासून एकही गेलं नाही. कारण कापूस. तिकडे अमेरिकेत लढाई, तिथला कापूस बंद, आणि इकडे आमच्या कंपनीच्या ऑफिसात मला मान वर करायला टाइम नाही. पण आपल्या माणसाला पत्र लिहिणं ही फार मोठी गोष्ट आहे. हा विचार आज अंघोळ करताना सुचला. ऑफिसात दुसऱ्या कोणाला सुचलेला दिसत नाही.
बायकोला लिहायला-वाचायला मीच शिकवलं, आत्याचा विरोध पत्करून. म्हणजे माझ्या पत्रांची सोय मी लग्नानंतर लगेच करून ठेवली. याला दूरदृष्टी म्हणतात.

ता. ४.
विलायती कागद आणला. बोरू तासले. शाई पातळ निघाली. पातळ शाईत भावना उमटत नाहीत. उद्या.

ता. १०.
तिचंच पत्र आलं. 'आपली खुशाली कळवावी. आत्याबाईंचे गुडघे दुखतात. गाय व्याली. आपण जेवता कुठे?' विषयांतर फार. शैली म्हणून नाहीच. आदर्श पत्र कसं असतं ते उत्तरातून दाखवावं लागेल. म्हणजे घाई करून चालणार नाही.

ता. १२. संक्रांत.
प्रारंभ केला! 'पत्रलेखनाचे महत्त्व' अशी प्रस्तावना आधी घातली आहे. मग मुख्य पत्र. प्रस्तावनेत वाल्मीकींपर्यंत पोचलो. तिळगूळ पाठवायचा राहिला.

ता. २०.
आज हातून मोठं काम झालं. खुशालराव म्हणून एक शेतकरी आहेत, अकोल्यापलीकडच्या खेड्यातले. कापसाच्या गाड्या घेऊन यार्डात नंबर लागायची वाट पाहून राहिले आहेत. म्हणाले, "बाबूजी, बायकोले दोन ओळी लिहून द्या. मी बरा हाय, बैल बरे हायेत, तुयी आठोन येते. बस."
मी त्यांना समजावलं की हे पत्र नव्हे, हा जनावरांचा रिपोर्ट झाला. प्रेमाच्या पत्राला अलंकार लागतात. आजूबाजूचे गाडीवानही ऐकत होते. दोघं तर ऐकता ऐकता निजले, इतका स्वर लागला होता. मग मी दोन्ही बाजू भरून पत्र लिहिलं. बायकोचं नाव जमुना, तेव्हा सुरुवात अशी केली: 'गंगा-भागीरथीसम पावन जमुने! तुझा खुशाल येथे विरहाग्नीत जळून भस्म जाहला.' एका वाक्यात तीन नद्या आणि एक अग्नी. स्वतःच दोनदा वाचलं.
खुशालरावांनी विचारलं, "बैलाईचं लिहिलं ना?" म्हटलं, ते गर्भितार्थात आलं.
हात दुखतो. सत्यवतीचं उद्या.

ता. २८.
नत्थुजी गाडीवानाला म्हटलं, तुझंही पत्र लिहून देतो. म्हणाला, "नको जी, आमी सांगावाच धाडू." चांगल्या गोष्टीची कदर नाही.
सत्यवतीचं आणखी एक पत्र. 'एक ओळ तरी पाठवावी. जीव लागत नाही.' माझ्या पत्राची तिला ओढ लागली आहे. ओढ थोडी वाढू द्यावी. प्रस्तावना कालिदासापर्यंत आली.

ता. ९ फेब्रुवारी. दुपार.
अनर्थ. खुशालरावांची बायको जमुना दिराला घेऊन रडत-ओरडत यार्डात शिरली. खुशालराव गाडीच्या सावलीत ठेचा-भाकर खात होते. तिनं त्यांना पाहिलं, आधी पाठीत दोन धपाटे घातले, मग गळ्यात पडून रडली. सगळं यार्ड जमा.
झालं असं, की माझं पत्र गावच्या भटजींनी वाचलं. भटजींना उपमा कळत नाही. गंगाभागीरथी म्हणजे विधवा, एवढं त्यांना ठाऊक. त्यात पुढे अग्नी आणि भस्म. कापसाच्या पेठेत आगी लागतातच. त्यांनी डोळे पुसून पत्राची घडी केली म्हणे.
जमुनाबाईंनी विचारलं, लिवनारा कोन? सगळ्या यार्डानं एकदम माझ्याकडे बोट केलं. त्यात नत्थुजीचं पहिलं.
"काहून लिवलं असं? सासूनं माया बांगड्याले हात घातला होता! येतानी अकोल्याच्या नदीवर मी छाती बडवून रडली, बाया गोया झाल्या. तुमी तुमच्या बायकोलेबी असंच लिहिता काय?"
मी शांतपणे सांगितलं, तिचं लिहिणं चालू आहे.
"चालू हाय म्हंजे? धाडलं किती?"
अडाणी माणसांशी वाद घालू नये.

ता. ९. संध्याकाळ.
गलबला ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी आपण होऊन मला आठवड्याची रजा दिली. शब्द 'गेट आउट' असे होते, पण भावार्थ तोच.

ता. ११.
अकोल्याला निघतो. पत्र पोस्टानं कशाला? स्वतःच समोर बसून वाचून दाखवीन. प्रस्तावना तरी. येतो असं कळवलेलं नाही. सरप्राइज. साहेब लोकांत याची फार किंमत आहे.

ता. १४, अकोला. जुने शहर.
आत्यानं दार उघडलं, मला पाहिलं, किंकाळी फोडली आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "कमलाकांत असशील तर मुंज कुठं झाली ते सांग." सांगितलं. दार उघडलं. मग माझ्या तोंडावरून हात फिरवून रडत बसली.
सत्यवती घरात नाही. अमरावतीला गेली.
नदीवर जमुनाबाईंचा आक्रोश चालला होता तेव्हा ती तिथंच धुणं धूत होती. अमरावतीच्या पेठेत आग लागली, माणसं जळाली, एवढंच तिनं ऐकलं. माझी तर काहीच खबर नव्हती. तशीच ओल्या लुगड्यानं घरी आली. अकोटाहून भाऊ केशवरावांना बोलावून घेतलं. ते यायच्या वाटेकडे डोळे लावून होती, अन्न गोड लागत नव्हतं, असं आत्या म्हणते. केशवरावांची बैलांची दमणी आली तशी निघाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे समोरून एक दमणी धावत गेली होती खरी. धूळ फार उडाली म्हणून मी डोळे मिटून घेतले होते.
आत्या म्हणाली, "दोन ओळी टाकल्या असत्यास तर पोर अशी जीव मुठीत धरून गेली असती का रे?"
तिला पत्राचं महत्त्व पटतं आहे हे पाहून मी प्रस्तावना वाचायला घेतली. वाल्मीकींच्या आधीच ती गाईला पाणी दाखवायला उठून गेली.

ता. १८, अमरावती.
धावतपळत परत आलो. खोली झाडलेली. घागर भरलेली. माणूस नाही.
नत्थुजीनं सांगितलं. ती यार्डभर विचारत फिरली, कोण जळालं, कुठं ठेवलंय. जमुनाबाईंनी तिला ओळखलं नाही, पण जवळ बसवून घेतलं. मग उलगडा झाला. तुमचे मालक ठणठणीत हायेत, तुमाले सरप्राइज द्याले अकोल्याले गेले, असं ऐकल्यावर ती तिथंच मातीत बसली आणि पुष्कळ रडली. जमुनाबाईंनी तिला भाकर खाऊ घातली. मग तोंड धुऊन भावाला म्हणाली, बैल जुंपा.
म्हटलं, अकोल्याला?
"नाई जी. माहेरी. अकोटले."
माझ्यासाठी निरोप?
नत्थुजीनं थोडा विचार केला. "नाई."

ता. १९.
आज कच्चा खर्डा न करता लिहिलं. 'मी जिवंत आहे. तू सुखरूप पोचलीस का? इथं करमत नाही. लवकर ये.' एकही उपमा सुचली नाही. दोनदा वाचलं, काही घालावंसं वाटेना. प्रकृती बरी नसावी.
लखोटा केला. लाख लावली. मग पत्ता.
सासऱ्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. मीही तेच म्हणतो. खरं नाव लग्नात भटजींनी एकदा घेतलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष जानवशाच्या व्यवस्थेकडे होतं. आडनाव देशपांडे. अकोटात देशपांडे बरेच असावेत, आणि प्रत्येक घरात एक भाऊसाहेब, एक केशवराव. आळी विचारायचं कधी कामच पडलं नाही. 'भाऊसाहेब देशपांडे, अकोट' एवढंच लिहिलं.
टपालवाल्यानं लखोटा उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, अक्षर सुरेख आहे. आणि परत दिला.