सोबती कार्डाचा खुलासा

नाशिक,
रविवार, ७ मे २००६

तीर्थस्वरूप सौ. सगुणामावशीच्या पायांशी शुभांगीचा दंडवत.

आपली प्रकृती ठीक असावी. काकांच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला असावा. गच्चीवरचे पापड वाळून डब्यात गेले असावेत. ‘असावी, असावा, असावेत’ असं लिहिते आहे, कारण गेले सात रविवार मला काही कळायला मार्ग नाही. दर रविवारी सकाळी नऊला आपला फोन यायचा, तो बंद झाला. मी केला तर काका उचलतात आणि ‘ती अंघोळीला गेलीय’ म्हणून सांगतात. (सकाळी नऊला गेलीय, दुपारी एकला गेलीय आणि मागच्या रविवारी तर संध्याकाळी सहालाही गेलेली होती. काकांना खोटं बोलायची सवय नाही, त्यांना हे एवढं एकच कारण येतं. त्यांच्यावर रागावू नये.) म्हणून पत्र लिहायला बसले.

इथवर ‘आपण’ लिहिलं ते प्रसंग पाहून. पण कॉलेजची दोन वर्षं जिच्या घरी राहिले, जिने मला भाकरी थापायला आणि सायकल चालवायला एकाच उन्हाळ्यात शिकवलं, तिला ‘आपण’ म्हणताना हात अवघडतो. तेव्हा ‘तू’च म्हणते. त्याचाही राग आला तर तो आधीच्या रागात मिळवून टाक.

तर मावशी, तुझ्या औरंगाबादेत, तुझ्या घरापासून दोन मैलांवर, मी हॉटेलात का उतरत होते, याचा हा खुलासा. तो लांबेल. बियाण्यांच्या कंपनीत माझं काम काय, हे तुला माहीत आहे (काका अजून ‘शुभी बिया विकते’ असं सांगतात, मी शेतकऱ्यांना रोपवाटिका कशी करायची ते शिकवते, पण असू दे). महिन्यातले आठ-दहा दिवस मी फिरतीवर. आणि आपल्या लोकांचा नियम असा की ज्या गावात नातेवाईक आहे त्या गावात माणूस नातेवाइकाकडेच उतरतो. नातेवाईक घरी नसला तर शेजारी किल्ली ठेवलेली असते. मी पंधरा वर्षं हा नियम पाळला. सोलापूरला दीपकच्या आत्याकडे, नागपूरला चुलत नणंदेकडे, जळगावला तर मी एकदा अशा घरी राहिले की आमचं नातं काय हे दोन दिवस दोन्ही बाजूंना आठवेना, आणि विचारायची कोणाचीच हिंमत झाली नाही. फक्त इंदूरला आपलं कोणी नाही. माझं इंदूरला फार काम निघायचं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने ‘सुमंगल’ नावाच्या हॉटेलवाल्यांशी करार केला. त्यांची सोळा गावांत हॉटेलं आहेत. पहिल्याच मुक्कामात काउंटरवरच्या मुलीने मला एक निळं कार्ड दिलं. त्याचं नाव ‘सुमंगल सोबती’. बिल कंपनी भरणार, पण मुक्कामाचे गुण माझ्या नावावर. मावशी, मला शाळेत गणितात कधी गुण मिळाले नाहीत; इथे नुसतं झोपून मिळत होते. मी त्या कार्डाचं माहितीपत्रक जितक्या बारकाईने वाचलं तितकी माझी लग्नपत्रिकाही वाचली नव्हती. त्यातून मला कळलेल्या गोष्टी अशा. रविवारच्या मुक्कामाला दुप्पट गुण, म्हणून सोमवारच्या कामाला रविवारीच निघावं. गुणांवर वस्तू घेऊ नयेत. मी आधी एक इस्त्री घेतली आणि नंतर हिशेब केला तेव्हा दिसलं की तेवढ्या गुणांत दोन रात्री फुकट मिळाल्या असत्या, आणि इस्त्रीची वायर तर महिन्यात जळली. काउंटरवर कार्ड आधी दाखवावं, बिल झाल्यावर दाखवलं तर गुण चढवायला विसरतात. सकाळची न्याहारी पोटभर करावी, मग दुपारचं जेवण लागत नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, एप्रिल ते मार्च या वर्षात चाळीस रात्री भरल्या की निळ्याचं सोनेरी कार्ड होतं. सोनेरी कार्डावर खोलीत फळांची टोपली येते (ती मी पुढे पाहिली: दोन सफरचंदं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला द्राक्षांचा घड. नाशिकच्या बाईला!), दुपारी दोनपर्यंत खोली सोडावी लागत नाही, आणि महाबळेश्वरच्या त्यांच्या हॉटेलात दोघांना तीन रात्री विनामूल्य.

अठरा मार्चला माझ्या अडतीस रात्री भरलेल्या होत्या. तुझ्या गावची ती एकोणचाळिसावी.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कधी ऐकलं नाहीस म्हणून लिहिते. संध्याकाळी सातला मी वर्तमानपत्र घ्यायला खाली उतरले, पायांत हॉटेलच्या पांढऱ्या सपाता, हातात लाकडी ठोकळा लावलेली खोलीची किल्ली. आणि समोरून जरीची साडी नेसून तू. तुझ्या शेजारच्या सखुबाईंच्या नातीचा वाढदिवस त्याच हॉटेलच्या हॉलमध्ये ठेवलेला, हे मला कसं कळावं? तू म्हणालीस, “कधी आलीस गं?” मी म्हटलं, “आत्ताच, तुझ्याकडेच निघाले होते.” (सपाता घालून.) तू काउंटरवर जाऊन म्हणालीस, “हिची बॅग खाली आणा. हिचं घर इथंच आहे.” त्यावर तो भला माणूस हसून म्हणाला, “मॅडम आमच्या नेहमीच्या गेस्ट आहेत, या वर्षातली त्यांची सातवी वेळ.” त्याच्या मते ते माझं कौतुक होतं. तू माझ्याकडे वळून नुसतं “सातवी” म्हणालीस.

तेवढ्यावर निभावलं असतं, मावशी. सात वेळांचं काहीतरी कारण मी दिलं असतं आणि तू खोटं कळूनही ते मानून घेतलं असतंस. पण तू “चल” म्हणालीस तेव्हा मी काउंटरमागच्या घड्याळाकडे पाहिलं. या वेळी खोली सोडली तर रात्र धरतात की नाही, हे मला आठवेना. तेवढंच पाहिलं, क्षणभर. पण तू माझी नजर कुठे गेली ते बघितलंस. “राहा गं बाई तू” असं म्हणून तू निघून गेलीस, हॉलमध्येही गेली नाहीस. सखुबाई केक कापायचा थांबवून तुला शोधत होत्या.

अर्ध्या तासात मी खोली सोडली. मॅनेजरने मोठ्या मनाने बिल रद्द केलं, आणि बिलाबरोबर रात्रही. तुझ्या घरी आले तर दार काकांनी उघडलं. तू भिंतीकडे तोंड करून निजलेली होतीस. माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट होतं: पिठलं, भाकरी, आणि तो ठेचा जो मी सोडून घरात कोणी खात नाही. मी येणार हे तुला माहीत होतं म्हणायचं. सकाळी चहा समोर आला, दुधी हलव्याचा डबा बॅगेत आला, पण शब्द एक आला नाही. मी नाशिकची एसटी धरली. माझी एकोणचाळिसावी रात्र गेली होती आणि तूही.

सोलापूरला एक रात्र भरून काढली. एकतीस मार्चला, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, मी एकोणचाळीसवर नाशिकात बसलेले. आता सुमंगलचं एक हॉटेल नाशिकातही आहे, मुंबई-आग्रा रस्त्यावर, आमच्या मखमलाबादच्या घरापासून वीस मिनिटांवर. मी दीपकला सांगितलं. तो आधी म्हणाला, “घर चावतं का तुला?” मग हसत सुटला, आणि मग म्हणाला, “रिक्षाने एकटी बॅग घेऊन निघालीस तर लोक काय म्हणतील? मीच सोडतो.” आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की याहून वाईट काही असू शकत नाही. नवरा मोटारसायकलवर बायकोला बॅगेसकट नेऊन हॉटेलच्या दारात उतरवतो, आणि एकटा परत येतो, तोही हसत. सगळ्या गल्लीने पाहिलं.

सकाळी मी न्याहारीला बसले होते. शेजारच्या फुलदाणीतली फुलं बदलायला जो माणूस आला तो आमचा सावळीराम, दीपकचा धाकटा चुलतभाऊ. तिथे रोजचे गुलाब तोच पुरवतो हे मला ठाऊक असायला हवं होतं. अर्ध्या नाशिकला फुलं आमच्याच लोकांची जातात. त्याच्या हातात गुलाबांचा गठ्ठा तसाच राहिला. “वहिनी, तुम्ही हितं? घरी समदं बरं हाय ना?” मी म्हटलं, सगळं बरं आहे, एक रात्र कमी पडत होती. ते ऐकून त्याचे डोळे भरून आले. “लय सोसलं तुम्ही, वहिनी,” असं म्हणून तो सगळे गुलाब माझ्याच टेबलावर ठेवून गेला.

मी दुपारी दोनला (खोली दुपारपर्यंत ठेवू का, म्हणून काउंटरवाल्यांनीच विचारलं; चाळीस भरल्याचा मान) घरी पोचले तर ओट्यावर बैठक भरलेली. दीपकची चुलती झुंबरबाई मधोमध, सोबत तिघे वडीलधारे, चहाची दुसरी फेरी चालू. झुंबरबाई दीपकला म्हणत होत्या, “पोरगी लग्नाला आली तुझी, आन आता भांडतो व्हय? तिची काय चूक असंल ती पोटात घाल.” दीपक मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं शरमला आहे. जवळ गेले तर हसू दाबत होता. अख्खी दुपार त्याने एका शब्दाने खुलासा केला नाही. शेवटी मी कार्ड काढून सगळ्यांना समजावलं. चौघांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. झुंबरबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “असू दे माय. नसंल सांगायचं तर नको सांगू.” आमच्या सृष्टीला आता तिच्या मैत्रिणी हळूच विचारतात, आईबाबा बोलतात का एकमेकांशी.

झुंबरबाईंची लेक तुझ्या गावात दिलेली आहे, त्यामुळे ही बातमी तुला दुसऱ्याच दिवशी पोचली. तू दीपकला फोन केलास आणि चाळीस मिनिटं त्याला झाडलंस. मी समोरच बसलेले होते. रिसीव्हर त्याने कानापासून वीतभर लांब धरला होता तरी मला सगळं ऐकू येत होतं: माझी पोर, माझ्या हातची वाढलेली, तिला तू हॉटेलात ठेवतोस. मी रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला. त्याने “ही बोलतेय” म्हटलं आणि तू फोन ठेवलास.

मावशी, इतकं लिहून झाल्यावर खरं लिहायला हरकत नाही. गुण हे निमित्त होतं, निदान नंतर नंतर. मला ती खोली आवडायची. आत गेलं की कोणी विचारत नाही की जेवलीस का, बारीक का झालीस, सृष्टीचं स्थळ कुठवर आलं. गादीवरची चादर मी घातलेली नसते. सकाळचा चहा करायला मी उठत नाही आणि माझ्यासाठी कोणी ओळखीची बाईही उठत नाही. तुझ्या घरी आले की तू साठ-बासष्टाव्या वर्षी माझ्यासाठी पाचला उठतेस, मग मीही उठते, मग आपण दोघी एकमेकींना ‘तू नीज’ म्हणत उभ्या राहतो. खोलीत मी पहिली काही मिनिटं काहीच करत नाही, नुसती पलंगाच्या कडेला बसते. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की मला असं बसायला आवडतं. हे मी तुला सांगू शकले नाही, कारण ते तुझ्याविरुद्ध आहे असं वाटलं असतं. तसं ते नाही. पण सात वेळा लपवलं, आणि घड्याळाकडे पाहिलं, हे माझ्याकडून झालं. त्याला खुलासा नाही.

काकांना नमस्कार. त्यांना म्हणावं, अंघोळीऐवजी आता देवळात गेलीय असं सांगायला हरकत नाही.

तुझी,
शुभी

ता. क. सोनेरी कार्ड कुरियरने आलं. महाबळेश्वरच्या तीन रात्री जूनच्या आत घ्याव्या लागतात. दीपक म्हणतो, लग्नसराईत फुलं सोडून मी येत नाही, आणि तसंही हॉटेलच्या दारात तुझ्यासोबत दिसायची मला भीती वाटते. सृष्टीची परीक्षा आहे. मावशी, तू येशील का? तीन सकाळी तुला कोणी चहा आणून देईल आणि तो करणारा कोण हे तुला माहीतही नसेल. महाबळेश्वरला आपलं कोणी राहत नाही, याची मी नीट चौकशी केली आहे.

ता. क. २. चौकशी अपुरी होती. पाचगणीला काकांच्या चुलतभावाचा मुलगा असतो असं दीपकने आत्ताच सांगितलं. काकांजवळ तू बोलू नकोस, मीही बोलत नाही.

ता. क. ३. सोबत येणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचा एक फॉर्म असतो. नाव मी तुझं घातलं. नात्यासाठी चारच चौकटी छापल्यात: पती किंवा पत्नी, अपत्य, सहकारी, मित्र. मावशीची चौकट नाही. दोन दिवस फॉर्म तसाच ठेवला, मग ‘मित्र’वर खूण करून पाठवला. हे तुला पसंत नसेल तर बदलता येतं, पण त्यासाठी तू स्वतः मला तसं सांगायला हवंस. काकांचं चालणार नाही.