आज पाणी जड आहे

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहायला. खोली एवढीशी आहे की आठही अंगं जमिनीला टेकवायची म्हटली तर पाय जिन्यात जातात, आणि जिन्यावर घरमालकीणबाईंचं मांजर झोपलेलं असतं. तेव्हा नमस्कार बसूनच केला, पण मनापासून.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांची दाढ अजून ठणकते का? एकदा दाखवून घ्या म्हणावं त्यांना, दाढेला लाजून कसं चालेल. ताईच्या पोहण्याच्या वर्गातली पोरं अजून तिचे पाय धरून लोंबकळतात की सुधारली? मी ठीक आहे. खोली बेकरीच्या वर असल्यामुळे फरशी कायम गरम असते आणि मला अंथरूण लागत नाही, हे कळवलं होतंच. आता एक वाढीव फायदा लक्षात आला आहे की फरशीवर ओले कपडे फार लवकर वाळतात. हे कसं लक्षात आलं ते पुढे येईलच.

उत्तराला उशीर झाला, मान्य आहे. रोज सकाळी मी ‘आज मावशीला लिहायचं’ असं ठरवून उठत होतो, आणि ठरवल्यावर इतकं बरं वाटायचं की लिहायची गरजच उरायची नाही. शिवाय तू काम असं सोपवलं होतंस की ते झाल्याशिवाय लिहिणार काय. ताईने आपलं आपण लग्न ठरवलंय, मुलगा नेमका तू भटकत पोचला आहेस त्याच गावात चष्म्याच्या दुकानात आहे, तर तूच जाऊन बघ आणि मला खरं काय ते कळव, तू सांगशील तसं मी हो किंवा नाही म्हणेन, असं तू लिहिलंस. मावशी, आजवर मला कुणी दूध उतू जातंय का एवढंसुद्धा बघायला सांगितलेलं नाही. एकदम माणूस बघायचा म्हटल्यावर मी दोन दिवस रंगाच्या दुकानात (सध्या मी तिथे आहे, डबे हलवतो) चुकीचेच डबे हलवत होतो. एका गिऱ्हाइकाची भिंत त्यामुळे वांगी रंगाची झाली, आणि त्याला ती आवडली, पण ते वेगळं.

आधी मी मुलाच्या, म्हणजे त्यांच्या, दुकानात नुसता जाऊन बसलो. (मी त्यांना तेव्हा अहोजाहो करत होतो. अरेतुरे कधी सुरू झालं तेही येईल.) माणूस सडपातळ, स्वतःचाच चष्मा जाड, बोलणं हळू. एका म्हाताऱ्या बाईंना त्यांनी इतक्या चौकटी लावून दाखवल्या की शेवटी बाईच कंटाळून, येताना होती तीच चौकट घालून निघून गेल्या. ते जराही चिडले नाहीत. मी हे लगेच तुला कळवणार होतो, पण तुझंच वाक्य आठवलं की चहाच्या टेबलावर सगळेच सज्जन असतात, माणूस बघायचा तर प्रवासात बघावा. प्रवास म्हटलं तर माझ्याकडे सुट्टी एकच दिवसाची. गावाबाहेर तळं आहे, तिथे कयाक भाड्याने मिळतात, अशी पाटी मीच आमच्या दुकानातून रंगवून दिली होती. कयाक म्हणजे शेंगेच्या टरफलासारखी निमुळती प्लास्टिकची होडी. आत दोघांसाठी दोन खळगे, आणि दोन्ही टोकांना पाती असलेली वल्ही. मी त्यांना विचारलं, येता का? ते जरा थांबून ‘येतो की’ म्हणाले. ते जरा थांबले होते हे मला त्या वेळी नोंदवून ठेवायला हवं होतं.

वाटेत मी आपल्या घराची बढाई मारली, हेही सांगून टाकतो. म्हटलं, आमची मावशी या वयात नदी आडवी पोहून जाते आणि पलीकडून हाक मारते, ताई तर पाण्यातच वाढली, आणि काकांनी म्हणे तरुणपणी पुरात उडी घालून कुणाची तरी म्हैस काढली होती. आता मात्र वयामुळे ते काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळतात. (मी तुझ्या शिकवणीतून पळालो होतो तेवढं गाळलं.) हे ऐकून त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की त्यांनाही पोहायची फार आवड आहे, ताईला त्यांनी तसं सांगितलं आहे, आणि लग्नानंतर दोघं समुद्रावर जाणार आहेत. हे त्यांनी दाढ काढायला निघालेल्या माणसाच्या तोंडाने सांगितलं.

होड्यांच्या बाई फोनवर कुणाशी तरी भांडत होत्या. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी आमच्या अंगावर फुगीर जाकिटं चढवली, पट्टे आवळले, आणि कयाक येते का विचारलं. आम्ही दोघंही ‘येते’ म्हणालो. (मी मागे एका नावेवर तिकिटं फाडली आहेत, त्या जोरावर.) बाई भांडण पुरं करायला आत गेल्या आणि आम्ही होडीत बसलो. आता इथे माझी चूक म्हणशील तर चूक, पण संस्कार तुझेच आहेत. होणाऱ्या जावईबुवांकडे पाठ करून कसं बसायचं? पुढच्या खळग्यात मी, मागच्या खळग्यात ते, म्हणजे माझी सरळ पाठच त्यांच्याकडे. ते काही बरं दिसेना. तेव्हा मी फिरून त्यांच्याकडे तोंड करून बसलो. पाठ टेकायची पट्टी माझ्या पोटाला लागत होती, ती मला वाटलं पोटाच्या आधारासाठीच असेल. तेही सौजन्याने हसले आणि आम्ही दोघं, जेवणाच्या टेबलावर बसावं तसे समोरासमोर, वल्हवू लागलो.

मावशी, मी पाणी जोरात मागे ओढत होतो आणि तेही जोरात मागे ओढत होते. दोघांनाही घाम फुटला. होडी जागची हलत नव्हती. मी मान वळवून बघितलं तर काठावरचा खुंट होता तिथेच. त्यांनीही बघितलं. मला वाटलं हे जोर लावत नाहीत, पण पाहुण्याला कसं बोलायचं, म्हणून मी माझा जोर वाढवला. त्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनीही वाढवला. बऱ्याच वेळाने ते धापा टाकत म्हणाले, “आज पाणी जड आहे.”

मी म्हटलं, “हो, काल हलकं होतं.”

मग वारा सुटला. आम्ही ज्याला कौशल्य म्हणत होतो त्यातलं काहीही न वापरता होडी आडवी आडवी सरकत पलीकडच्या लव्हाळ्यांकडे निघाली. तरी आम्ही वल्हवत होतोच, कारण कुणीच थांबायला तयार नव्हतं. लव्हाळ्यात एक पक्षीण अंड्यांवर बसली होती. तिने मान लांब करून आमच्याकडे असं बघितलं की मला तूच आठवलीस. (राग मानू नकोस, प्रेमाने लिहितोय.) ती फुसकारली. मी त्यांना सांगायला उठलो की होडी त्या अंगाला वळवा, आणि ‘त्या अंगाला’ म्हणजे कुठे ते दाखवायला हात लांब केला. पुढचं तुला कळलंच असेल. उलटताना कयाक अजिबात आवाज करत नाही, हे मी बाईंच्या पाटीवर लिहायला हवं होतं.

वर आलो तेव्हा होडी पालथी होती. एका टोकाला मी लटकलो होतो, दुसऱ्या टोकाला ते. चष्मा नव्हता, आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा सालं काढलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. पाय मारा, पाय मारा, असं मी ओरडलो आणि आम्ही दोघांनी पाय मारायला सुरुवात केली. पण मघासारखंच झालं. मी होडी त्यांच्याकडे ढकलत होतो, ते माझ्याकडे. अशा वेळी माणूस शिव्या देतो, किंवा देवाचं नाव घेतो, निदान आपल्याला कुणी या होडीत बसवलं त्याचं तरी घेतो. ते यातलं काही बोलले नाहीत. ते मला शोधत माझ्या बरंच डावीकडे बघत म्हणाले, “मला पोहता येत नाही. तिला सांगितलंय, येतं म्हणून. तुम्ही तुमच्या मावशींना लिहिणार असाल तर हे लिहा.”

मी म्हटलं, “मलाही येत नाही रे.”

तर अरेतुरे इथे सुरू झालं. भिजलेल्या माणसाला अहो म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही काही वेळ तसेच लटकून राहिलो. जाकिटांमुळे बुडत नव्हतो, पण आमचं पुढे काही होईल असंही दिसत नव्हतं. त्याने सांगितलं की लहानपणी त्याला पाण्याची फार भीती होती आणि मोठेपणीही फार फरक पडलेला नाही. ताईच्या वर्गाला तो भेटायला जायचा तेव्हा काठापासून चार हात लांब, बूट घालून उभा राहायचा, आणि आत का येत नाहीस म्हणून तिने विचारलं की सर्दी झालीय म्हणायचा. एवढ्या सर्द्या झालेला माणूस ताईला कसा आवडला कोण जाणे. खरं सांगितलं तर ती सोडून जाईल, ही भीती त्याला पाण्यापेक्षा मोठी होती, म्हणून त्याने समुद्रसुद्धा कबूल केला. तो हे सांगत होता तेवढ्यात आमच्या शेजारून गळ घेतलेले एक आजोबा चालत गेले. मावशी, चालत. पाणी त्यांच्या कमरेला होतं. जाता जाता ते एवढंच म्हणाले की बाळांनो, जरा हळू बोला, मासे बुजतात.

आम्ही उभे राहिलो.

होडी ओढत तळ्याच्या कडेकडेने परत आलो. मी मनात तयारी करत होतो की होडीला भोक होतं, वारा होता, पक्षीण अंगावर आली. पण काठाला लागताच हा आधी होड्यांच्या खुंटाला आणि मग बाईंना नमस्कार करून म्हणाला की आम्हाला दोघांनाही येत नव्हतं, आम्ही खोटं बोललो. बाईंनी फोनवरच्या माणसाला थांब म्हटलं आणि आम्हाला कोरडा टॉवेल दिला. एकच होता, तो त्याने आधी मला दिला. येताना मी त्याला हाताला धरून आणलं. वाटेत त्याने एका टपालपेटीची माफी मागितली. त्याच्या खोलीची किल्ली चष्म्यासोबतच तळाशी गेली आहे आणि जादा चष्मा त्या खोलीत आहे, त्यामुळे सध्या तो माझ्याकडेच आहे. माझा शर्ट आणि घरमालकीणबाईंचा वाचायचा चष्मा घालून गरम फरशीवर बसतो. त्या चष्म्यातून त्याला मी फार मोठा दिसतो म्हणे. (इतकं मोठं मला आजवर कुणी समजलेलं नाही.)

तेव्हा माझं मत असं की माणूस बघून झाला. यापेक्षा जास्त बघायचा तर मला दुसरी नोकरी बघावी लागेल.

सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद. पत्राचं उत्तर लवकर दे, मी उशीर केला म्हणून तू करू नकोस.

तुझा,
डबे हलवणारा भाचा

ता. क. मुख्य मुद्दा वर राहूनच गेला. त्याला पोहता येत नाही हे ताईला तू सांग. मी नाही सांगणार, ती मला ओळखते, आधी मलाच पाण्यात टाकेल. त्याला सांगू दे म्हणशील तर त्याने बसल्या जागी तीन वेळा सराव केला आणि तिन्ही वेळा चुकला. तूच सांग, आणि जरा बेताने सांग. आज सकाळपासून त्याने काही खाल्लेलं नाही आणि खालून सारखा पावाचा वास येतोय, म्हणजे बघ.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट चिकटवणार तोच जिन्यात मांजर ओरडलं आणि कुणीतरी ‘माफ करा हं’ म्हणालं. बघतो तर काका. हातात छत्री, बगलेत पिशवी. तुला ते दाढ दाखवायला चाललो सांगून निघालेत. तू नेमलेल्या हेराच्या बातमीवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून स्वतःच मुलगा बघायला आले. त्यांना बघून हा ताडकन उठला, कपाटालाच नमस्कार केला, आणि एका दमात म्हणाला की मला पोहता येत नाही, मी तुमच्या मुलीशी खोटं बोललो. चौथ्या खेपेला जमलं त्याला. काका आत आले. छत्री कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या, त्याच्या शेजारी फरशीवर बसले, दोघांचीही तोंडं खिडकीकडे. दाढेवर हात ठेवून म्हणाले, “मलाही येत नाही. म्हैस आपली आपण बाहेर आली होती.”

मग म्हणाले की तुझ्या मावशीला हे कळवू नकोस. म्हणून कळवत नाही. (खोडलं असतं, पण पत्र घाण दिसतं.) त्याला मात्र त्यांनी विचारलं की समुद्रावर कधी जायचं ठरलंय. तो म्हणाला, आता कसलं ठरतंय. तर काका म्हणाले, “जायचं. त्या दोघी जातील आत. काठावर कपडे सांभाळायला मला आता एकट्याला होत नाही.”

आत्ताच हा पाव आणायला खाली गेला आहे. जिन्यात मांजराची माफी मागितलेली ऐकू आली.