तोच तास

७ फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी आज कालचाच तास घेतला!

उजळणी नव्हे. कालचाच तास, जसाच्या तसा. काचेच्या बशीतला एक जीवाणू, त्याचे दोन, दोनाचे चार. सोळाच्या पुढे बत्तीस लिहिताना खडू मोडला — कालही तिथेच मोडला होता. मग तोच विनोद : "यांना असंच सोडलं तर पुढच्या आठवड्यात आपण सगळे यांच्या ढिगाखाली — आणि परीक्षा रद्द!" काल आम्ही पोट धरून हसलो, कारण सर मुळात विनोद करणाऱ्यांतले नाहीत. जानेवारीभर त्यांनी फळ्याशीच बोलून शिकवलं. आज मात्र हसावं की नाही, कुणालाच कळेना. शेवटच्या बाकावर एक वयस्कर बाई कालपासून येऊन बसतात, त्या तेवढ्या हसल्या.

नंतर सर म्हणाले, "काही शंका?" आणि थांबले. थांबूनच राहिले. काल ही शंका मी काढली होती. शेवटी मला ते शांत राहणं सहन होईना. हात वर केला.

"सर, पण हे थांबतं कधी?"

"वा! नेमकं विचारलंस! नाव काय तुझं?"

नाव काय? मी गेल्या वर्षी यांच्याच विषयात नापास झालेली. महिनाभर मला नावाने हाक मारून प्रश्न विचारतायत! सांगितलं नाव. पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकून घेतलं त्यांनी.

८ फेब्रुवारी, बुधवार

परत तोच. मोडक्या खडूसकट.

९ फेब्रुवारी, गुरुवार

कँटीनमध्ये सगळे जमलो. बेडूक — म्हणजे आमचा वर्गप्रतिनिधी, प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी बेडूक हातातून निसटला म्हणून हे नाव — म्हणाला, "सरळ आहे. म्हातारा विसरायला लागलाय."

"म्हातारा काय रे! साठसुद्धा नाहीत," टिकटिक म्हणाली. ही माझी खोलीतली मैत्रीण. पेनाचं बटण दाबल्याशिवाय हिला विचारच करता येत नाही. "आणि त्या मागच्या बाई त्यांच्या बायको आहेत. शिपाई सांगत होता. बिचारी सांभाळायला येत असणार. बाहेर पडताना हात धरून नेतात बघ एकमेकांना."

पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे परीक्षेतही हेच येईल की!" कुणीतरी हसलं. मी पण. नंतर स्वतःचीच लाज वाटली.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आज आप्पांची फार आठवण आली. शेवटच्या वर्षी आजोबा रोज विचारायचे, "शाळा सुटली का तुझी?" मी कॉलेजात गेले होते तेव्हा. बाबा दर वेळी चूक दाखवायचे — "आप्पा, आत्ताच सांगितलं ना!" आणि दर वेळी आप्पा थोडे लहान होत जायचे. खुर्चीत न मावणारा माणूस खुर्चीत हरवायला लागला.

म्हणून मी ठरवलंय. रोज तोच प्रश्न विचारायचा, त्याच शब्दांत. वर्गालाही सांगितलं, विनोदाला हसा, जीव जात नाही तुमचा. आज सगळे हसले. सरांचा चेहरा खुलला. सुटल्यासारखा!

एक मात्र खटकतं. आप्पांच्या डोळ्यांत धुकं असायचं. सरांच्या डोळ्यांत ते नाही. ते डोळे दमलेले असतात फक्त.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मुद्दाम मागे बसले, बाईंच्या जवळ. हिरवा स्वेटर, विंचरलेले पांढरे केस, हात मांडीवर. शेजारच्या मुलाकडून पेन मागून घेतलं. तो म्हणाला, रोज मागतात, रोज "नवीन आहेस का रे वर्गात?" असं विचारतात. मी म्हटलं, बोलायला सुचत नसेल काही.

पण मी दुसरंच पाहिलं. बाईंचे ओठ हलत होते. सरांचं प्रत्येक वाक्य त्या मनातल्या मनात म्हणत होत्या — सरांच्या पाठोपाठ नाही, थोडं आधी! विनोद यायच्या आधीच हसू त्यांच्या तोंडावर आलेलं. आणि मग सर तो विनोद करत. जणू शब्द मागून निघून पुढे फळ्यापर्यंत जात होते.

मी उभी राहून प्रश्न विचारला तेव्हा त्या माझ्याकडे वळून इतक्या कौतुकाने बघत होत्या, की मला खाली बसायला सुधरेना.

२० फेब्रुवारी, सोमवार

आणखी एक भानगड.

दुपारी आम्ही छोट्या खोलीत सरावाला जमतो. आपलं आपण शिकायचं, दुसरा इलाज काय! दार उघडलं तर फळा भरलेला. पुढचं प्रकरण. पायरी पायरीने सोडवलेली उदाहरणं, बाजूला आकृती, खाली "हे आधी स्वतः करून पाहा". अक्षर सरांचं. साताला आडवी रेघ मारायची सवयही त्यांचीच.

खोलीत कुणी नव्हतं. खडूची धूळ अजून खाली बसत होती.

"ज्याला कालचा तास आठवत नाही," बेडूक हळू आवाजात म्हणाला, "त्याला पुढचं प्रकरण कसं आठवतं?"

टिकटिक म्हणाली, "हाताला आठवत असेल. माझी आत्या नाही का, नावं विसरते पण विणकाम अजून करते."

आम्ही उतरवून घेतलं सगळं. पण पाठ फळ्याकडे करून बसायला कुणी तयार होईना.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

आजही फळा भरलेला. काल जिथे संपला होता त्याच्या पुढे.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

बेडकाला विभागप्रमुखांकडे जायचंय. "दया वगैरे ठीक आहे गं, पण आपल्या वर्षाचं काय? आणि उद्या रस्त्यात कुठे भरकटले तर?" त्याचं चुकत नाही. तरी मी भांडले. प्रमुख म्हणजे कडक काम. सरांना घरी बसवतील. मग त्या बाई काय करतील दिवसभर, एकट्या, अशा माणसाला घेऊन?

"तुझे आजोबा नाहीत ते," बेडूक म्हणाला.

लागलं मला. रडू आलं. त्यानेच चहा आणून दिला नंतर. परीक्षेपर्यंत थांबायचं ठरलं.

गंमत म्हणजे दुपारच्या फळ्यामुळे मला गणित कळायला लागलंय! बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "गणित नको म्हणून तू जीवशास्त्राला गेलीस, आणि तिथेही गणितच करतेयस. धन्य आहे!" पण खूश होते.

२७ फेब्रुवारी, सोमवार

आता हे आमच्या हाडीमासी खिळलंय. खडू मोडायच्या आधीच पहिल्या बाकावरचा मुलगा नवा खडू पुढे करायला हात उचलतो. विनोदाच्या जागी अख्खा वर्ग एकदम हसतो, एकदम थांबतो. आज दुसऱ्या वर्गाची एक मुलगी चुकून आत आली होती. मध्येच उठून गेली. जिन्यात भेटली तर म्हणाली, "काय चाललंय तुमच्या वर्गात? तुम्ही सगळे झोपेत असल्यासारखे हसता."

आरशात पाहिलं नंतर. ते हसू करून पाहिलं. माझं वाटेना.

१ मार्च, बुधवार

आज मी घाण केली.

कशी, मलाच कळत नाही. सर "काही शंका?" म्हणाले, मी उठले, तोंड उघडलं आणि तो प्रश्न आलाच नाही. शब्दांचा इतका कंटाळा आला होता! तोंडातून निघालं, "सर, पण मग ते मरायला कधी लागतात?"

प्रश्न बरोबरच होता. पुढच्या प्रकरणात तेच आहे. खाणं संपलं की वाढ थांबते, आणि मग बशीतले जीवाणू मरायला लागतात.

पण वर्गातली हवाच गेली. सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. आणि मागून आवाज आला —

"कोण? कोण मरतंय?"

बाई उभ्या होत्या. स्वेटरची कड दोन्ही मुठींत धरलेली. "कोण मरतंय? मला कुणी सांगितलं का नाही? ही मुलं कुणाची?" आवाज चढत गेला. शेजारचा मुलगा घाबरून भिंतीला चिकटला. बाईंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली, भलत्याच घरात शिरल्यासारखी.

सर धावले. अक्षरशः धावले, बाकांमधल्या पायऱ्या चढून. बाईंचे हात हातात घेऊन कानाशी काहीतरी बोलले. दोघं बाहेर गेले. फळ्यावर सोळा आणि बत्तीस तसेच राहिले.

टिकटिक म्हणते, सरांचं बिंग फुटेल म्हणून बाईंनी नाटक केलं असणार. पेनाचं बटण दाबत होती सारखी. तिचाही विश्वास नव्हता त्यावर.

२ मार्च, गुरुवार

तास झाला नाही. मी खोलीवर जायला निघाले तर व्हरांड्यात सर उभे. एकटेच. कोट चुरगळलेला.

मी म्हटलं, "सर, चुकलं माझं."

"चुकलं नाही. प्रश्न चांगला होता." मग खाली मैदानाकडे वळले. मी जावं की थांबावं? तेवढ्यात म्हणाले, "उद्या तू तोच विचारशील? थांबतं कधी — तो? त्याच शब्दांत?"

मी मान हलवली.

"आणि तुझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का गं?"

आईचं ऑपरेशन! हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. जानेवारीत. सुट्टी मागताना.

ते गेले. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

त्यांना सगळं आठवतंय.

३ मार्च, शुक्रवार

बेडकाला आणि टिकटिकला सांगितलं. टिकटिकने पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मुद्दाम करतात?" बेडूक म्हणाला. "प्रयोग चाललाय आपल्यावर. कळपातले किती जण किती दिवस निमूट राहतात ते मोजतायत. हाच तर विषय आहे त्यांचा!"

मी म्हटलं, काहीतरीच. पण रागही आला. आप्पा समजून मी ज्यांना जपलं ते मला बशीत ठेवून वरून बघत होते?

तरी आज प्रश्न विचारला. शब्द दिला होता. बाई मागे शांत बसल्या होत्या, कालपरवाचं काही झालंच नसल्यासारख्या. "वा! नेमकं विचारलंस! नाव काय तुझं?" सरांनी विचारलं. मी त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं आणि नाव सांगितलं. त्यांनी नजर चुकवली.

६ मार्च, सोमवार

बाई आज हसल्या नाहीत. ओठही हलले नाहीत. सर विनोद करून थांबले. आम्ही सगळे हसलो, जरा जास्तच मोठ्याने. सरांनी मागे पाहिलं आणि विनोद पुन्हा केला.

पुन्हा! असं कधीच केलं नव्हतं.

८ मार्च, बुधवार

बेडूक उद्या प्रमुखांकडे जाणार. मी या वेळी अडवलं नाही.

९ मार्च, गुरुवार

प्रमुखांनी बेडकाचं ऐकूनच घेतलं नाही. "मला माहीत आहे," एवढंच म्हणाले, आणि दार लावून घेतलं. माहीत आहे म्हणजे काय? सगळ्यांनाच माहीत आहे?

वर्गाला कुलूप. सर रजेवर. दुपारचा फळा मात्र भरलेला.

१० मार्च, शुक्रवार

कुलूप. फळाही कोरा.

१४ मार्च, मंगळवार

सर आज एकटेच आले.

हातात कागद नाही. सगळ्यांची हजेरी तोंडपाठ घेतली, पूर्ण नावांनी, शेवटच्या बाकापर्यंत. मग म्हणाले, "विसरत ती होती. हा तास तिचाच. मी या कॉलेजात यायच्या आधीपासून ती इथे शिकवायची, विनोदासकट. दुसरं काही ओळखीचं उरलं नव्हतं तिला. गेल्या शुक्रवारी सकाळी गेली. तुम्ही सगळे हसलात, त्याबद्दल —" फळ्याकडे वळले आणि नव्या प्रकरणाचं नाव लिहिलं.

कुणीच उतरवून घेत नव्हतं. टिकटिकने माझा हात घट्ट धरला होता.