ही ओळ मी शिकवलेली नाही

१३ जून १९४८, रविवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी लिहिणार. मोठे कोच लिहितात. निदान लिहीत असावेत.
मुंबईहून वाच्छा साहेबांचं पत्र आलं. साहेब मिलचे स्पोर्ट्स सेक्रेटरी. त्यांच्या टीमचा मी सात सीझन लेफ्ट बॅक होतो. कागदोपत्री कारकून, पण खरा पगार बॉलला लाथ मारण्याचा. मग गुडघा गेला आणि मी खालापूरला घरी येऊन बसलो. आता मिलला कोच हवा आहे. साहेब लिहितात, पंधरा ऑगस्टला कर्जतला रेल्वेच्या पोरांशी तुमच्या गावची मॅच ठेवा, मी येतो, तुमचं शिकवणं बघून जागेचं ठरवू.
ठरलंच म्हणायचं.
संकल्प: रोज पहाटे प्रॅक्टिस. आणि रागवायचं नाही. कोचचं डोकं थंड हवं.

२० जून, रविवार.
अकराच्या अकरा हजर. बूट फक्त माझ्या पायात. चुलतभाऊ नामा गोलकीपर. तो म्हणाला, "दादा, बूट घालून पळायचं कसं? पायाला जमीन कळाया नको?" रागावलो नाही. फक्त ओरडलो.
गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने अकरा टिंबं काढली. प्रत्येकाची जागा वेगळी. धाकलू सेंटर फॉरवर्ड, तो सगळ्यांच्या पुढे एकटा. पोरं टिंबांकडे बघत राहिली. समजलं असणार.

२१ जून.
बायकोने भिंत सारवली. अख्खी टीम शेणाखाली. बायजा म्हणते, "मला वाटलं, भिंतीला देवी आल्या." दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी दोन वेळचं जेवलो.

७ जुलै, बुधवार.
तिसरा दिवस, मैदानात मी एकटा. शिट्टी वाजवली. एक म्हैस आली.
घरोघर फिरलो. सगळे लावणीला. आज नामाच्या शेतावर, उद्या धाकलूच्या, परवा आमच्या. आळीपाळीने सगळं गाव सगळ्यांचं भात लावणार. अजून तीन आठवडे.
मुंबईत फुटबॉलचा सीझन म्हणजे पावसाळा. कूपरेजच्या मैदानात आम्ही गुडघाभर चिखलात खेळलो आणि लोक छत्र्या घेऊन बघायला आले. इथे पावसाळ्यात लोक भात लावतात. बायजा म्हणते, हे तुमच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. मी म्हटलं, गावाच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. मॅच काय मी उन्हाळ्यात नेऊ?
हे लोक आयुष्यात पुढे जाणार नाहीत. लावणीसुद्धा मागे मागे सरकत करतात.

११ जुलै, रविवार.
टीम येत नाही तर कोच टीमकडे जाईल. छत्री, शिट्टी, बूट घालून धाकलूच्या बांधावर उभा राहिलो आणि पासिंगवर भाषण दिलं. समोर सगळ्यांच्या पाठी. लावणीत ओळ धरून वाकतात. टोकाला बायजा. ती "सरा रंऽ" म्हणाली की सगळी ओळ एकदम पाऊलभर मागे. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. जो रेंगाळेल त्याच्या दोन्ही अंगांनी रोपं लागतात आणि तो मधेच कोंडला जातो. आज धाकलू कोंडला. बायजा म्हणाली, "धाकलू, तितंच घर बांध आता. पावणं बगून बायको धाडते." बाया हसून चिखलात बसायच्या राहिल्या. माझ्या सेंटर फॉरवर्डची ही अब्रू!
मी शिट्टी मारली. बायजा वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "अवो, पिपाणी वाजवा, पन बांध तुडवू नका."
त्यानंतर बांधावरून पडलो. बूट नवे असते तर पडलो नसतो.

२५ जुलै, रविवार.
लावणी संपत आली. पोरं मैदानात आली. आणि काय बघतो? सगळे मागचे गडी आडव्या ओळीत उभे! मी ज्याला त्याला त्याच्या जागेवर ढकललं. बॉल आला की पुन्हा ओळ. नामा गोलातून "सरा रंऽ" ओरडतो, थेट बायजाच्या सुरात, आणि ओळ एकदम चार पावलं पुढे. मागे गोल उघडा!
मी विचारलं, हे काय? नामा म्हणाला, "शेतात मागं सरायचं, हितं पुढं. बाकी त्येच हाय." मी म्हटलं, हे शेत नाही. तो म्हणाला, "हाय की. आपल्या आज्याचं हाय."
संकल्प मोडला. छत्रीही मोडली.

३ ऑगस्ट, मंगळवार.
शिळफाट्याला पेपर वाचला. लंडनच्या ऑलिंपिकात आपली टीम अनवाणी खेळली आणि हरली. गावात येऊन सगळ्यांना वाचून दाखवलं: बघा, बूट नव्हते! धाकलूने विचारलं, "कितीनं हरली?" म्हटलं, एका गोलाने. तो म्हणाला, "मग लई न्हाय."
रात्री झोपताना जुनी जर्सी काढून बघितली. निळी, गळ्याशी उसवलेली. बायजाने न सांगता कधीतरी टाके घातलेत. घालून बघितली. पोटावर बसत नाही. मिलचं कापड आटतं.
मिलच्या एका सेमी फायनलचं लोक अजून बोलतात. मी बॉल मागे गोलकीपरला दिला. गोलकीपर जागेवर नव्हता, ही त्याची चूक. लोक त्याला सेल्फ गोल म्हणतात. लोकांना खेळ कळत नाही.

१४ ऑगस्ट, शनिवार.
टीम तयार. ओळ करायची नाही, अशी प्रत्येकाकडून शपथ घेतली. नामाने बायजाची घेतली, ती मी धरत नाही.
उद्या कर्जतला झेंडावंदनानंतर मॅच. बायजाने बारा जणांच्या भाकऱ्या बांधल्या. नोकरी मिळाली की तिला मुंबईला नेईन, खोली घेईन. तिला सांगितलं. म्हणाली, "आन् भात कोन कापंल?" हिला स्वप्न बघता येत नाही. मला रोज बघावी लागतात, दोघांची.

१५ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी, खोपोलीच्या गाडीत.
अक्षर वाकडंतिकडं येतंय. रागाने. गाडीनेही.
रेल्वेची पोरं दांडगी, सगळ्यांच्या पायात बूट. त्यांचा सेंटर फॉरवर्ड पास घ्यायला पुढे आला आणि गोलातून नामा ओरडला, "सरा रंऽ!" सगळी ओळ एकदम पुढे. तो गडी आमच्या ओळीच्या मागे एकटा राहिला. मी डोळे मिटले. शिट्टी. उघडले. ऑफसाइड. पास निघाला तेव्हा तो आमच्या ओळीच्या पलीकडे, म्हणून बॉल आमचा. पुन्हा तेच. पुन्हा ऑफसाइड. बघणारे हसायला लागले. धाकलू त्या गड्याला म्हणाला, "तितंच घर बांध आता!"
मला वाटलं, लोक आम्हाला हसताहेत.
वाच्छा साहेब छत्रीखाली खुर्चीत. हाफ टाइमला तडक गेलो. म्हटलं, साहेब, हे माझं नव्हे. हा गावंढळपणा मी शिकवलेला नाही. साहेब म्हणाले, "सहदेव, सच बोलते? ही लाइन तुमी नाय शिकवला?" मी म्हटलं, लिहून देतो. आणि दिलं! त्यांच्याच पेन्सिलीने, झेंडावंदनाच्या पत्रकाच्या पाठीवर. "ही ओळ मी शिकवलेली नाही. सहदेव भोईर, कोच."
साहेबांनी घडी घालून खिशात ठेवलं.
दुसऱ्या हाफात धाकलूने गोल घातला. एक-शून्य. जिंकलो. रेल्वेवाल्यांचा एकही गोल नाही. अकरा वेळा ऑफसाइड.
साहेब टाळ्या वाजवत मैदानात आले. म्हणाले, "हाच तर पायजे होता मिलला! ऑफसाइडची ट्रॅप! कोन शिकवला?"
मी पुढे झालो. म्हटलं, साहेब, तसं बघितलं तर बांधावर उभं राहून मीच... साहेबांनी खिसा थोपटला. आणि नामाने, ज्याला मी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्या नामाने सांगितलं, "बायजाची शिकवन, सायेब. चुकला की सोडत नाय."
साहेबांनी नाव लिहून घेतलं.
भाकरी खाल्ली नाही. पोरांनी खाल्ली.

१६ ऑगस्ट, सोमवार.
नीट विचार केला. पेन्सिलीने लिहिलेलं कोर्टात टिकत नाही. शिवाय मी फक्त ओळ नाकारली. बाकीची मॅच माझीच. काळजीचं कारण नाही.
नामाशी बोलणं बंद. तो संध्याकाळी येऊन जेवून गेला. बोललो नाही.

२८ ऑगस्ट, शनिवार.
पोस्टमनने पाकीट दिलं. मिलचं! दारातच फोडलं.
पत्र "मि. बायजा, फुटबॉल कोच" यांना आहे. साहेब लिहितात, तुमची पद्धत पाहून आनंद झाला, पुढील महिन्यात मुंबईस भेटीला यावे, कोचच्या जागेचा विचार करू. खाली एक ओळ: मि. भोईर यांनी कृपया हे पत्र पोचते करावे.
दोन तास पोचतं केलं नाही. मग केलं.
बायजा आधी हसली. मग ओटीवर बसून हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. म्हणाली, "अवो, मला फुटबालीतलं काय कळतं? बोलावनं तुमचंच हाय. चुकून माज्या नावावर आलंय."
सात सीझनांत मिलमध्ये मला असं कुणी बोललं नव्हतं. ओरडलो तिच्यावर. मग गोठ्यात जाऊन उगाच दावी सोडून पुन्हा बांधली.

२९ ऑगस्ट, रविवार.
मार्ग सापडला. मि. बायजांनी उत्तर द्यायचं: शेतीच्या कामामुळे मला येणे शक्य नाही. तरी माझ्या जागी श्री. सहदेव भोईर यांना घ्यावे. गृहस्थ अनुभवी, शिस्तीचे व शांत स्वभावाचे आहेत.
बायजाला वाचून दाखवलं. "शांत" ऐकून तिने पदर तोंडाला लावला. पण अंगठा दिला. अंगठा देताना म्हणाली, "चांगलं माणूस हाय, ह्ये बी लिवा." लिहिलं. ते तिचं वाक्य आहे, माझं नाही.
अंगठ्याखाली "मि. बायजा यांची सही" असं घातलं.
या वेळी नक्की.

१२ सप्टेंबर, रविवार.
उत्तर आलं. पुन्हा मि. बायजांनाच.
"आपली अडचण समजली. आपण शिफारस केलेल्या गृहस्थांना आम्ही चांगले ओळखतो. जागा आपल्यासाठी पुढील सीझनपर्यंत रिकामी ठेवत आहोत."
बायजा हात पुसत आली. कागद हातात घेतला, उलटा धरला, बराच वेळ बघितला. म्हणाली, "लागली का हो नोकरी?"
म्हटलं, लागली. तुला.